हवेचा रोध नगण्य मानून

जंजिऱ्याच्या बुरुजावर, कलालबांगडी तोफेपाशी गाइडचं पाठ झालेलं भाषण चालू होतं. पंचधातूची तोफ आहे, भर उन्हात हात लावून बघा, तापत नाही. लोक हात लावत होते, काही जण चटका बसल्यासारखा पटकन मागे घेत होते आणि तरीही माना डोलावत होते. मग आला तो नेहमीचा आकडा. "रेंज बारा किलोमीटर." एरवी या आकड्यावर कुणी काही बोलत नाही. बारा म्हणा, वीस म्हणा, समोर नुसता समुद्र, मोजायला कोण जातंय! पण त्या दिवशी घोळक्यात अकरावीतला वाटावा असा एक चष्मेवाला मुलगा होता. त्याने विचारलं, "गोळा सुटताना स्पीड किती असायचा?" "लय," गाइड म्हणाला. मग मुलाने स्वतःच अंदाज बांधला. आवाजाच्या वेगाहून जरासा जास्त, धरू सेकंदाला ३५० मीटर. नळी ४५ अंशांत, म्हणजे सगळ्यात लांबचा पल्ला. वेगाचा वर्ग, भागिले ९.८, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची किंमत. मोबाइलच्या पडद्यावर उत्तर आलं, १२,५००. "साडेबारा किलोमीटर! बरोबर आहे की!" गाइडने मोबाइल हातात घेतला आणि ते उत्तर सगळ्यांना फिरवून दाखवलं, आरतीचं तबक फिरवावं तसं.

सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, वेगाचा अंदाजही वावगा नाही. उत्तर मात्र चौपट चुकलेलं.

अशा प्रत्येक गणिताखाली पुस्तकात कंसात एक ओळ असते, 'हवेचा रोध नगण्य मानून'. ती कुणी वाचत नाही. वाचली तरी 'गुरुत्वाकर्षणाची किंमत किती घ्यायची' एवढ्यापुरती. गणित सुटावं म्हणून घातलेली ही अट हळूहळू जगाबद्दलचं विधान होऊन बसते आणि हवा खरोखरच नगण्य आहे असं वाटू लागतं. आता हीच सगळी मंडळी तासाभरापूर्वी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यावर आली होती. माणसं, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एक रडणारं पोर, सगळं खच्चून भरलेलं, आणि हे सगळं पाण्यावरून ओढत आणलं ते नुसत्या वाऱ्याने. ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वारा असेल. तोफेतून गोळा सुटतो तेव्हा त्याच्या तोंडावर येणारा वारा असतो ताशी १,२६० किलोमीटरचा. पहिल्या वाऱ्याने होडी चालते आणि दुसरा मात्र नगण्य, हा हिशेब काही पटत नाही.

तेव्हा तो कंस उघडून बघू. गोळा घेऊ ११ किलोचा, ओतीव लोखंडाचा, १४ सेंटिमीटर व्यासाचा. युरोपातल्या आरमारांत चोवीस पौंडी म्हणायचे तो साधारण हाच. हवेचा रोध तीन गोष्टींवर ठरतो. वस्तू समोरून किती जागा अडवते, हवा किती दाट आहे आणि वेग किती आहे. यात वेगाचा वर्ग येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. वेग दुप्पट केला की रोध चौपट. चौथी गोष्ट आकाराची. गोलाला हवा फोडून पुढे जाणं अवघड जातं, कारण समोरून बाजूला झालेली हवा मागे नीट मिटत नाही, पाठीशी भोवऱ्यांची पोकळी राहते आणि ती गोळ्याला मागे खेचते. त्यात आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती समोर दाबली जाऊन भिंतीसारखी उभी राहते. हे सगळं धरून आकडे घातले तर ३५० मीटर वेगाला आपल्या गोळ्यावर मागून ओढ लागते ती सुमारे ८० किलो वजनाएवढी. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं ११ किलोने, हवा मागे ओढते ऐंशीने. पहिल्या काही क्षणांत गोळ्याचा खरा वैरी पृथ्वी नसते, हवा असते. दोन सेकंद होतात न होतात तोच वेग साडेतीनशेवरून अडीचशेच्या घरात येतो.

पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने मोजत गेलं, दर दोन सेकंदांनी वेग, रोध, उंची नव्याने मांडत, तर चित्र असं दिसतं. पुस्तकी गोळा ३.१ किलोमीटर उंच चढला असता. हा सव्वा किलोमीटरपाशी दमतो. पुस्तकी गोळा ५० सेकंद हवेत राहिला असता, हा तिसाव्या सेकंदाला पाण्यात. पडतो तो जेमतेम तीन, फार तर साडेतीन किलोमीटरवर. पुस्तकातला गोळा ज्या वेगाने सुटला त्याच वेगाने, ज्या कोनात सुटला त्याच कोनात पडतो. हा गोळा पडताना सेकंदाला सव्वाशे-एकशे तीस मीटरवर आलेला असतो, आणि पडतो ४५ अंशांत नव्हे, सत्तरीच्या आसपास, जवळजवळ डोक्यावरून. वाटेतला सर्वांत उंच बिंदूही मधोमध नसतो, पलीकडे सरकलेला असतो. चढण लांबलचक आणि उतार कड्यासारखा.

मुलाने धरलेला वेगच कमी, म्हणून हा खरा पल्ला कमी आला असेल, असं कुणी म्हणेल. चांगली दारू, लांब नळी, वेग ५०० मीटर धरा. पुस्तकी पल्ला एकदम साडेपंचवीस किलोमीटरवर जातो, दुपटीहून जास्त. खरा पल्ला वाढतो तो किलोमीटरभर. जादाचा वेग नळीतून बाहेर पडल्या पडल्या हवाच खाऊन टाकते, कारण तिचा कर वर्गाने वाढतो. जास्त कमवाल तर जास्त कापू. गोळा मोठा केला तर फायदा जास्त. व्यास दुप्पट केला की वजन आठपट होतं आणि समोरची जागा फक्त चौपट. म्हणजे दर किलोमागे हवेची ओढ निम्मी. थोरल्या तोफांचं खरं भांडवल हे होतं. तरीही त्या वेगाला पाचच्या पुढे जाणं कठीण, आणि बारा म्हणजे चंद्रावर.

गंमत अशी की हे चित्र जुन्या गोलंदाजांना ठाऊक होतं. १५३७ साली इटलीत निकोलो तार्तालियाने तोफगोळ्याची वाट मांडली ती तीन तुकड्यांत. आधी तिरकी सरळ रेघ, मग छोटासा बाक, मग थेट खाली. पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवलं की फेकलेली वस्तू अन्वस्त वक्रावर जाते, दोन्ही बाजू सारख्या, कमानीसारखी देखणी. तेव्हापासून तार्तालियाची रेघ अज्ञानाचा नमुना म्हणून दाखवली जाते. तिच्यामागची कारणमीमांसा चुकीची होती हे खरंच, पण आपला सत्तर अंशांत कोसळणारा गोळा कागदावर काढला तर तो गॅलिलिओच्या कमानीपेक्षा तार्तालियाच्या मोडक्या रेघेसारखा जास्त दिसतो. गॅलिलिओला हे कळत होतं. आपली कोष्टकं कमी दारूच्या, मंद वेगाच्या उखळी तोफांपुरती आहेत आणि बारुदाच्या जोरावर सुटलेल्या गोळ्याला हवा फार अडवते, असं त्याने स्वतःच बजावून ठेवलं होतं. मागून आलेल्यांनी कोष्टकं उचलली आणि बजावणं मागे ठेवलं.

हवेचा हिशेब खरोखर मांडला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने, १७४२ मध्ये. त्याचं यंत्र इतकं साधं की हसू यावं. तिकाटण्याला टांगलेला एक जड लाकडी ठोकळा, झोक्यासारखा हलणारा, आणि खाली बांधलेली एक फीत. ठोकळ्यात बंदुकीची गोळी झाडायची. गोळी आत रुतते, ठोकळा मागे झुलतो, फीत तेवढीच ओढली जाते. ती इंचांत मोजली, ठोकळ्याचं आणि गोळीचं वजन ठाऊक असलं, की लागतानाचा वेग निघतो. मग हाच झोका बंदुकीपासून २५ फुटांवर, ७५ फुटांवर, १२५ फुटांवर ठेवायचा. बंदूक तीच, दारू तीच, गोळी तीच. तर तीन ठिकाणच्या वेगात जी घट दिसते ती मधल्या हवेने खाल्लेली. निघालेलं उत्तर पचायला जड होतं. पाऊण इंची शिशाच्या गोळीवर सुटतानाची हवेची ओढ तिच्या वजनाच्या सुमारे १२० पट. पुस्तकी हिशेबाने ती गोळी १७ मैल जायला हवी, प्रत्यक्षात अर्धा मैलही गाठत नाही. चोवीस पौंडी गोळा १६ मैल जायला हवा, जातो तीनच्या आत. आवाजाच्या वेगापाशी रोध एकदम उसळी घेतो हेही त्याच्याच नजरेला आलं. ऑयलरसारख्या गणितज्ञाने तीन वर्षांत त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, स्वतःच्या टीपा जोडून.

या रॉबिन्सचा शेवट आपल्याकडे झाला हे फारसं कुणाला माहीत नसतं. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी मुख्य अभियंता म्हणून नेमलं, १७५० मध्ये तो मद्रास किनाऱ्यावर उतरला आणि पुढच्याच वर्षी कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने गेला. ज्याने हवेचं वजन बंदुकीने मोजलं त्याला इथली हवा मानवली नाही.

जंजिऱ्यावरच्या तोफांपाशी परत येऊ. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम ही नावं घेताना अंगावर काटा येतो आणि तो यावाच. पण पल्ल्याचा आकडा ही तोफेची खरी ओळख नव्हेच. पहिली गोष्ट, ४५ अंश. बुरुजावरच्या गाड्याला बसवलेली अजस्र तोफ एवढी उचलायची तर मागचा भाग जमिनीत उतरवावा लागेल. शिवाय आडव्या तोफेचा मागचा धक्का गाडा मागे सरकून झेलतो, तो अशा कोनात थेट खाली, गाड्याच्या कण्यावर बसतो. म्हणून किल्ल्यावरच्या तोफा बहुतेक सपाटच चालत, मागच्या बाजूला लाकडी पाचरी सरकवून दोन-चार अंश वर-खाली. दुसरी गोष्ट, गोळा नळीत घट्ट बसत नसे. ओतीव गोळे एकसारखे नसत आणि नळीत दारूची काजळी साचे, त्यामुळे मध्ये फट ठेवावीच लागे. त्या फटीतून दारूचा धूर पुढे निसटतो, वेग पडतो, आणि गोळा नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर टणटण आपटत जातो. शेवटची टक्कर उजव्या बाजूला झाली तर बाहेर पडताना गोळ्याला एका अंगाची गिरकी, डाव्या बाजूला झाली तर दुसऱ्या अंगाची. गिरकी घेणाऱ्या गोळ्याची एक बाजू हवेला साथ देते, दुसरी विरोध करते, मागची हवा एका बाजूला वळते आणि गोळा दुसऱ्या. रॉबिन्सने हे सिद्ध करायला बंदुकीची नळीच टोकाशी डावीकडे वाकवली होती. गोळी निघाली डावीकडे आणि पुढे जाता जाता वळली उजवीकडे. कोणत्या गोळ्याला कोणती गिरकी मिळणार हे गोलंदाजाच्या हातात नसे. तिसरी गोष्ट कोकणातली, दमट दारू. आज भरलेल्या थैलीने गोळा जिथे जाईल तिथेच तो श्रावणात जाईल याची खात्री कोण देणार? म्हणून खरा मारा काही शे मीटरांतला, आणि जहाजांवर तर नळी जवळजवळ आडवी धरून. अशा सपाट कोनात पडलेला गोळा बुडत नाही, चपट्या दगडासारखा पाण्यावर टप्पे घेत जातो आणि जहाजाच्या कुशीत शिरतो. अंतराचा अंदाज शंभर मीटरने चुकला तरी चालतं. ही खरी अक्कल होती. तिचं कौतुक सोडून आपण बारा किलोमीटरचं करतो.

सुटणाऱ्या गोष्टींना हवा जशी छळते तशी पडणाऱ्यांना सांभाळते.

मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा ढग डोक्यावर किलोमीटरभर तरी वर असतो. तिथून हवेविना थेंब पडला तर जमिनीशी त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर व्हावा, ताशी पाचशे किलोमीटर. छत्री सोडा, पत्रे फाटले असते, अंगणात उभं राहणं म्हणजे छऱ्यांखाली उभं राहणं झालं असतं. प्रत्यक्षात दोन मिलिमीटरचा थेंब येतो सेकंदाला साडेसहा मीटरने, पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊने, आणि झिमझिमीतला अर्ध्या मिलिमीटरचा बारीक थेंब दोनने. वेग वाढतो तसा रोध वाढतो, आणि ज्या क्षणी रोध वजनाएवढा होतो त्या क्षणी वेग वाढायचा थांबतो. पुढे थेंब त्याच चालीने खाली येतो, घाई नाही. ही चाल लहान थेंब दोन-चार मीटरांतच गाठतो. मग ढग पाचशे मीटरवर असो की तीन हजार मीटरवर, कपाळावर बसणारी टिचकी तीच. टपोऱ्या थेंबाची सर अंगाला लागते आणि भुरभूर लागत नाही ती याच हिशेबाने. चित्रात काढतात तसा वर टोक असलेला थेंब मात्र आकाशात नसतो. लहान थेंब गोल असतो, आणि मोठ्याला खालून हवा इतकी दाबते की तो बुडाशी चपटा होतो, पावासारखा. सहाएक मिलिमीटरच्या पुढे हवा त्याला फोडूनच टाकते. म्हणून लिंबाएवढे थेंब पडत नाहीत. गारा मात्र पडतात, कारण बर्फ फुटत नाही, आणि वजन आठपट-जागा चौपट हा मघाचा नियम तिथे शेतकऱ्याच्या मुळावर येतो.

वेग दुप्पट की रोध चौपट, हा नियम घरात बघायचा तर पेढ्यांच्या बॉक्समधल्या त्या पातळ कागदी वाट्या घ्याव्यात. पंखा बंद, खिडक्या बंद. एक वाटी बुडाकडची बाजू खाली ठेवून दोन मीटरवरून सोडायची, म्हणजे साधारण दाराच्या चौकटीच्या उंचीवरून. त्याच वेळी दुसऱ्याने जिन्यावरून, चार मीटरवरून, एकात एक बसवलेल्या चार वाट्या सोडायच्या. समोरची जागा तीच, वजन चौपट. म्हणजे रोध चौपट व्हायला हवा, म्हणजे वेग दुप्पट. दुप्पट उंचीवरून निघालेली चवड एकटीच्या जोडीने जमिनीला टेकते, जवळजवळ एकदमच. 'जवळजवळ' मुद्दाम म्हटलं. चवड किंचित मागे राहते, कारण तिला आपली कायमची चाल गाठायला जास्त अंतर लागतं. वाटी उलटत किंवा भरकटत असेल तर कड एकीकडे मुडपलेली असते. ती सरळ करून घ्यायची. तूप लागलेली वाटी घेऊ नये, वजन बदलतं. आणि पेढे आधी खाऊन टाकावेत हे सांगायला नको.

जड आणि आटोपशीर गोष्टींना झाडाच्या उंचीवरून पडताना हवा फारशी विचारत नाही. पाव किलोचा हापूस दहा मीटरवरून सुटला तर पुस्तकाप्रमाणे १४ मीटर वेगाने यावा, येतो साडेतेराने. तो अर्धा मीटर आंब्याला वाचवत नाही. आपटलेला आंबा वरून धड दिसतो आणि चार दिवसांनी अढीत काळा पडतो. म्हणून झेला हवाच, जाळीत अलगद उतरवायला आणि देठ राखायला. वीस मीटर उंच माडावरून दीड किलोचा, सालासकट नारळ पडला तर पुस्तक म्हणतं ताशी सत्तर किलोमीटर, हवा म्हणते पासष्ट. ज्याच्या डोक्याचा प्रश्न आहे त्याने दोन्ही आकडे सारखेच समजावेत. चंद्रावर १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदम पडले, ते सर्वांनी बघितलेलं आहे. इथे तेच पीस अंगणभर फिरून येतं आणि मुंगी गच्चीवरून पडली तरी झटकून चालू लागते.

गोफण चालवणाऱ्याला यातलं एकही सूत्र माहीत नसतं आणि सगळं माहीत असतं. हुरड्यात आलेल्या ज्वारीत माळ्यावर उभा राहणारा राखणदार गोफणगुंडा उचलताना तो तळहातावर जोखून बघतो. नदीतला गुळगुळीत, लिंबाएवढा, हाताला वजन लागणारा दगड तो बाजूला ठेवतो, लांबच्या थव्यासाठी. ढेकूळ जवळच्या पाखरांना. त्याच आकाराचं ढेकूळ दगडाच्या निम्म्या-पाऊण वजनाचं, ते अर्ध्या वाटेवर दम सोडतं, आणि ते बरंच असतं. कुणाचं डोकं फुटत नाही, फुटून मातीच होते. एका दोरीचा फास बोटात, दुसरीची गाठ अंगठ्याखाली, डोक्यावरून दोन-तीन गरके, आणि गाठ सोडायची ती दगड पुढे आल्यावर नाही, त्याच्या जरा आधी. सुटलेल्या दोरीचा चाबकासारखा फटका वाजतो. शंभर ग्रॅमचा गुंडा सेकंदाला ३५ मीटरने सुटला तर पुस्तकात सव्वाशे मीटर जाईल, वावरात नव्वदच्या आसपास. आणि राखणदार तो ४५ अंशांत कधीच फेकत नाही, चाळीसच्या खालीच ठेवतो. हवेत उंच आणि जास्त वेळ राहिलं तर हवा जास्त खाते, तेव्हा थोडं सपाट फेकलेलं लांब जातं. हे त्याला खांद्याने शिकवलेलं असतं.

क्रिकेटच्या चेंडूचंही हेच. षटकार छपरावर आदळतो आणि पडद्यावर लगेच '९७ मीटर' उमटतं. तो आकडा मोजलेला नसतो. वाटेत काही आलं नसतं तर चेंडू मैदानाच्या पातळीला कुठे उतरला असता त्याचा तो अंदाज असतो, आणि त्यात हवा धरावीच लागते. बॅटवरून सेकंदाला ४० मीटरने निघालेला चेंडू पुस्तकाप्रमाणे १६० मीटर जाईल. हवा त्याला शंभराच्या आत उतरवते, कारण त्या वेगाला चेंडूवरची ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त असते. धरमशालाचं मैदान सुमारे १,४५० मीटर उंचीवर, तिथे हवा आठव्या हिश्श्याने विरळ, तोच फटका पाचएक मीटर पुढे. दमट हवेत मात्र चेंडू 'जड हवेत' अडकतो असं जे समालोचनात ऐकू येतं त्याला काही आधार नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. मुंबईची घामट हवा नागपूरच्या त्याच तापमानाच्या कोरड्या हवेहून दाट नसते, असलीच तर कणभर हलकी.

वरातीत आकाशाकडे बंदूक करून बार काढणाऱ्यांचाही एक समज असतो, की गेली ती गेली. अमेरिकन लष्कराने १९२० मध्ये फ्लोरिडात पाण्यावर तराफा बांधून रायफलच्या गोळ्या सरळ वर झाडून बघितल्या. पुस्तकाप्रमाणे ती गोळी ३४ किलोमीटर चढून सुटल्याच वेगाने परत यायला हवी. ती चढते पावणेतीन किलोमीटर, परत येते बहुधा बूड खाली करून, सेकंदाला सुमारे ९० मीटरने. पाचशेहून जास्त गोळ्यांतल्या चारच तराफ्यावर किंवा होडीत पडल्या, बाकीच्या वाऱ्याने कुठल्या कुठे नेल्या. ९० मीटर म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर, आणि कवटीला तेवढे पुरतात. शिवाय वरातीतला हात बरोबर उभा नसतोच. तिरकी गेलेली गोळी नाक पुढे ठेवून येते आणि याहून कितीतरी वेगाने. २०१९ पासून आपल्या शस्त्र कायद्यात या हौसेला तुरुंगाची सोय आहे, हे बरं झालं.

हवेला चुकवायचा एक मार्ग म्हणजे तिच्या वर जाणं. १९१८ मध्ये जर्मनांनी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासवरून पॅरिसवर गोळे टाकले ते तोफ ५० अंशांहून वर उचलून. गोफणवाल्याच्या बरोबर उलट. गोळा लवकर चाळीसेक किलोमीटरवर, जवळजवळ हवा नसलेल्या जागी पोचवायचा, आणि पुस्तकातली कमान तिथे वापरायची. दुसरा मार्ग हवेची समजूत घालण्याचा. पुण्यात पाषाणला एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत ज्या १५५ मिलिमीटर तोफेवर काम झालं ती गोळा ४५ किलोमीटरपलीकडे टाकते. तो गोळा गोल नसतो, लांब आणि टोकदार असतो, नळीतल्या आट्यांनी त्याला ठरवून गिरकी दिलेली असते, आणि लांब पल्ल्याच्या गोळ्याच्या बुडाशी एक छोटी जळती वडी असते. ती त्याला ढकलत नाही. ती फक्त मागच्या पोकळीत वायू सोडत राहते, म्हणजे पाठीमागून ओढणारी ती रिकामी जागा भरून निघते. एवढ्याने पल्ला पाव हिश्श्यापर्यंत वाढतो.

चष्मेवाला मुलगा आणि त्याच्या घरचे परतीच्या होडीसाठी किल्ल्याच्या दरवाजाकडे उतरू लागले तेव्हा वारा फिरला होता. होडीवाला शिडाचा दोर सोडून दुसऱ्या अंगाला बांधत होता. शीड आधी फडफडलं, मग पोट फुगवून ताठ झालं, आणि दोर करकरला. वर बुरुजावर पुढची टोळी तोफेभोवती जमली होती. हात लावा, तापत नाही, लावा लावा. मग क्षणभर थांबून गाइडचा आवाज जरा चढला.

"रेंज साडेबारा किलोमीटर. सायन्सने काढलेली आहे."